अपयशाची तरतूद

चंद्रावर एखादे यंत्र सुखरूप उतरले, ही वार्ता ज्या दिवशी वृत्तपत्रांच्या पहिल्या पृष्ठावर झळकते, तो दिवस लोकांच्या स्मरणात कायमचा राहतो. परंतु ते यंत्र कोठे उतरावे, केव्हा उतरावे, त्याचे वजन किती असावे, उतरता उतरता एखादे इंजिन बंद पडले तर त्याने काय करावे, आणि उतरल्यावर कोणते काम आधी हाती घ्यावे व कोणते खुशाल सोडून द्यावे, याचा निर्णय ज्या बैठकांत, ज्या मसुद्यांच्या फेरफारांत आणि चाचण्यांच्या ज्या दफ्तरांत वर्षानुवर्षे होत आलेला असतो, त्यांची हकीकत सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. पुढील प्रकरणांचा विषय ही दुसरी, काहीशी उपेक्षित हकीकत आहे. चंद्रावर मनुष्याविना पाठवावयाचे उतरते यान आणि त्याच्या उदरातून बाहेर पडणारी फिरती गाडी, ज्यांना आज आपण सर्रास लँडर आणि रोव्हर म्हणतो, त्यांच्या मोहिमेची आखणी कशी होते, हे सांगण्याचा हा प्रयत्न असून, भारताच्या चांद्रयान-२ आणि चांद्रयान-३ या दोन मोहिमा त्याच्या केंद्रस्थानी आहेत.

प्रथम या विषयाचे वेगळेपण ध्यानात घेतले पाहिजे. पृथ्वीवर परतणाऱ्या यानाला वातावरणाचा आधार असतो. हवेच्या घर्षणाने त्याचा वेग मंदावतो आणि शेवटी हवाई छत्री उघडून ते खाली येऊ शकते. चंद्रावर हवा नाही, म्हणून छत्री नाही. तेथे वेगाचा प्रत्येक अंश इंजिनाच्या उलट्या रेट्याने, इंधन जाळूनच कमी करावा लागतो. त्यात चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर. एवढे अंतर तोडून संदेश जाण्यास सव्वा सेकंदाहून किंचित अधिक आणि उत्तर परत येण्यास तेवढाच वेळ लागतो. हा विलंब ऐकावयास क्षुल्लक वाटतो. परंतु सेकंदाला १.६८ किलोमीटर वेगाने धावणारे यान तेवढ्या अवधीत चार किलोमीटरांहून अधिक पुढे गेलेले असते, आणि नियंत्रण कक्षातील तज्ज्ञाने पडद्यावर धोका पाहून, विचार करून, हुकूम सोडेपर्यंत त्या हुकुमाचे प्रयोजनच उरत नाही. म्हणून अवतरणाच्या शेवटच्या सुमारे एकोणीस मिनिटांत मनुष्य केवळ प्रेक्षक असतो. दूरदेशी पाठविलेल्या गुमास्त्याच्या हाती मालक जसे कलमवार मुखत्यारपत्र देतो आणि त्यानंतर बऱ्यावाईटाची सारी भिस्त त्या पत्रातील शब्दांवर राहते, तसेच येथे घडते. फरक इतकाच की हा गुमास्ता पत्रात न लिहिलेली गोष्ट स्वतःच्या अकलेने करू शकत नाही. चांद्रमोहिमेचे नियोजन म्हणजे आपल्या गैरहजेरीत उद्भवणाऱ्या प्रत्येक प्रसंगाची आगाऊ तजवीज, आणि त्या तजविजीत यशापेक्षा अपयशाचा विचार अधिक बारकाईने करावा लागतो, हे या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन आहे.

या विद्येचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. सोव्हिएत संघाचे लूना-९ हे यान ३ फेब्रुवारी १९६६ रोजी चंद्रावर अलगद उतरलेले पहिले यान ठरले. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेचे सर्व्हेयर-१ उतरले. १७ नोव्हेंबर १९७० रोजी लुनोखोद-१ ही आठ चाकांची गाडी चंद्रभूमीवर दाखल झाली आणि क्रिमियातील केंद्रात बसलेल्या चालकांनी तिला दहा किलोमीटरांहून अधिक फिरविले. १९७३ सालच्या लुनोखोद-२ ने तर सुमारे ३९ किलोमीटरांची मजल मारली. १९७६ साली लूना-२४ मातीचे नमुने घेऊन परतले, आणि त्यानंतर जवळजवळ ३७ वर्षे, डिसेंबर २०१३ मध्ये चीनचे चांग-अ-३ उतरेपर्यंत, चंद्रावर कोणतेच यान अलगद उतरले नाही. एवढ्या खंडानंतर जे नवे उमेदवार पुढे आले त्यांच्यापैकी कित्येकांची अशी समजूत होती की, जे काम १९६६ साली साध्य झाले ते एकविसाव्या शतकात सुलभ असलेच पाहिजे. एप्रिल २०१९ मध्ये इस्राएलचे बेरेशीट, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारताचे विक्रम, एप्रिल २०२३ मध्ये जपानी कंपनीचे हाकुतो-आर आणि ऑगस्ट २०२३ मध्ये रशियाचे लूना-२५, अशी चार याने चंद्रावर आदळली, तेव्हा ही समजूत गळून पडली. या विद्येचा वारसा आपोआप चालत येत नाही; ज्याने त्याने ती नव्याने कमवावी लागते.

भारताने ती कशी कमविली, हे पाहण्यासारखे आहे. २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघालेल्या चांद्रयान-१ ने चंद्राची प्रदक्षिणा केली, १४ नोव्हेंबरला एक आघातपेटी चंद्रावर पाडली, आणि त्या मोहिमेतील उपकरणांनी चंद्राच्या पृष्ठभागी जलांशाची चाहूल दिली. पुढील मोहिमेसाठी रशियाशी करार झाला होता. त्यान्वये लँडर रशियाने द्यावयाचे होते. परंतु २०११ साली मंगळाच्या उपग्रहाकडे निघालेले रशियाचे फोबोस-ग्रुंट निष्फळ झाले, त्या धक्क्याने रशियाचे वेळापत्रक विस्कटले, आणि अखेर लँडरही आपणच घडवावयाचे असा निर्णय भारताला घ्यावा लागला. परावलंबनाचा एक आधार सुटल्यामुळे स्वावलंबन पत्करावे लागले, ही गोष्ट त्या वेळी अडचणीची वाटली असेल. परंतु पुढे अपयश आले तेव्हा त्याचे सर्व कागद, सर्व आकडे आणि सर्व उत्तरे आपल्याच दफ्तरी होती, हा त्या निर्णयाचा खरा लाभ होय.

ते अपयश ७ सप्टेंबर २०१९ च्या मध्यरात्रीनंतर आले. चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरने तीस किलोमीटर उंचीवरून उतरण्यास आरंभ केला, वेग कमी करण्याचा पहिला टप्पा यथासांग पार पडला, आणि दुसऱ्या टप्प्यात तो अपेक्षित मार्गापासून ढळला. पुढे संपर्क तुटला. त्याची कारणमीमांसा नंतर इस्रोचे अध्यक्ष झालेले श्रीधर सोमनाथ यांनी जाहीरपणे सांगितली, आणि नियोजनाच्या अभ्यासकाला तिच्याइतका उपयुक्त पाठ दुसरा मिळणार नाही. यानाला पाच इंजिने होती आणि त्यांचा रेटा अपेक्षेपेक्षा अधिक भरला. छायाचित्रे स्वच्छ यावीत म्हणून मध्यंतरी काही काळ यानाने स्थिर राहावे, अशी योजना असल्यामुळे तेवढ्या अवधीत ही तफावत दुरुस्त न होता साचत गेली. नंतर ती एकदम भरून काढण्यासाठी यानाला वेगाने वळावे लागले, पण वळण्याच्या वेगावर संगणकाच्या आज्ञावलीनेच मर्यादा घातलेली होती. शिवाय उतरण्याची नेमून दिलेली जागा अवघी ५०० मीटर लांब व तितकीच रुंद. ती गाठण्याच्या हट्टाने, जमीन जवळ येत असतानाही, यान पुढे जाण्याचा वेग वाढवीत राहिले. या कारणांपैकी एकही कारण स्वतंत्रपणे घातक नव्हते. रेटा अधिक मिळणे हा दोष कोणी मानला नसता. स्थिर राहणे, मर्यादेत वळणे, नेमक्या जागी उतरणे, हे तर सद्गुणच. परंतु प्रत्येक कलम आपापल्या ठिकाणी निर्दोष असूनही ती सगळी एकाच प्रसंगी लागू झाली असता परस्परांच्या आड येतील, याचा विचार मुखत्यारपत्रात झालेला नव्हता.

चार वर्षांनंतरच्या चांद्रयान-३ ची आखणी या एका प्रश्नाभोवती फिरली. काय केले असता यश येईल, असे विचारण्याऐवजी काय काय बिघडू शकेल आणि तसे बिघडले तरी यान कसे वाचेल, असे विचारून रचना करण्यात आली. सोमनाथ यांनी तिला अपयशावर आधारलेली रचना असेच म्हटले. मधले पाचवे इंजिन काढून टाकले. पाय अधिक मजबूत केले, जेणेकरून सेकंदाला तीन मीटर वेगाने टेकले तरी ते मोडू नयेत. इंधन वाढविले, सौरपट्ट्या वाढविल्या, आणि जमिनीच्या सापेक्ष वेग थेट मोजणारे लेसरचे नवे उपकरण बसविले. उतरण्याची जागा ५०० मीटरांच्या चौरसाऐवजी सुमारे ४ किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद इतकी विस्तीर्ण ठरविली, म्हणजे नेमकेपणाच्या हट्टापायी सुरक्षिततेचा बळी जाऊ नये. दोन इंजिने चालली नाहीत तरीही यान उतरू शकेल, अशी ग्वाही उतरण्यापूर्वीच देण्यात आली होती. आणि अशी ग्वाही देणे त्यांनाच शक्य असते ज्यांनी त्या प्रसंगाची तालीम आधी करून घेतलेली असते.

या तरतुदींची किंमत मात्र वजनात मोजावी लागते, आणि वजनाचा जमाखर्च हा या शास्त्राचा सर्वांत कठोर भाग होय. चांद्रयान-२ च्या लँडरचे वजन १४७१ किलोग्रॅम होते, चांद्रयान-३ च्या लँडरचे १७५२. हे अधिकचे २८१ किलोग्रॅम कोठून आले? २०१९ साली पाठविलेला परिभ्रमक चंद्राभोवती उत्तम स्थितीत काम करीत होता, म्हणून नवा पाठविण्याची गरज उरली नव्हती; त्याच्या जागी लँडरला चंद्रापर्यंत पोहोचविणारा २१४८ किलोग्रॅमचा साधा प्रणोदन-विभाग पुरेसा झाला. एवढेच नव्हे, तर नव्या जागेची पाहणीही त्या जुन्या परिभ्रमकाच्या कॅमेऱ्याने केली. ज्या मोहिमेला लोक फसलेली म्हणत होते, तिच्याच शिल्लक ठेवीवर दुसरीचा खर्च भागविला गेला. प्रवासाचा मार्गही याच काटकसरीने ठरला. १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेले यान सरळ चंद्राकडे न जाता पृथ्वीभोवतीची आपली कक्षा टप्प्याटप्प्याने वाढवीत गेले आणि ५ ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत शिरले. प्रचंड अग्निबाण नसलेल्याने वेळ खर्चून इंधन वाचवावे, हा व्यवहार त्यात होता.

स्थळाप्रमाणेच काळाचाही हिशेब असतो, आणि पंचांग पाहण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला तो परका वाटू नये. शुद्ध अष्टमीच्या सुमारास चंद्रबिंब अर्धे उजळते, याचा अर्थ त्या वेळी बिंबाच्या मध्यरेषेवर सूर्योदय होत असतो. चांद्रयान-३ च्या लँडरसाठी, म्हणजे नव्या विक्रमसाठी, निवडलेली जागा दक्षिणेस ६९ अंश अक्षांशावर आणि मध्यरेषेच्या पूर्वेस सुमारे ३२ अंश रेखांशावर. सूर्योदयाची रेषा चंद्रावर दिवसाला सुमारे १२ अंश सरकत असल्यामुळे तेथे ऊन मध्यरेषेपेक्षा अडीच-पावणेतीन दिवस आधी पडते. २०२३ साली अधिक श्रावण संपून निज श्रावण लागला होता. २१ ऑगस्टला नागपंचमी झाली, आणि २३ ऑगस्टला, शुद्ध सप्तमीच्या संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी, विक्रम चंद्रावर टेकला. त्या जागी सूर्य उगवून फार काळ लोटला नव्हता. सकाळच्या तिरप्या उन्हात खड्ड्यांच्या आणि दगडांच्या सावल्या लांब पडतात, त्यामुळे यानाच्या कॅमेऱ्यांना धोका ओळखता येतो. आणि चंद्रावरचा दिवस पृथ्वीवरच्या सुमारे चौदा दिवसांचा असल्याने सकाळी उतरणाऱ्यास कामाचा पूर्ण अवधी मिळतो. परिस्थिती प्रतिकूल दिसल्यास उतरणे २७ ऑगस्टपर्यंत लांबविण्याची तजवीजही करून ठेवलेली होती.

कागदावर लिहिलेले खरे ठरते की नाही, हे पृथ्वीवरच तपासावे लागते, आणि पृथ्वी ही चंद्राची नक्कल करण्यास फारशी राजी नसते. तिचे गुरुत्व सहापट. तिची माती वेगळी. चंद्राच्या उंच प्रदेशातील खडकाशी जुळणारा अॅनॉर्थोसाइट जातीचा खडक तामिळनाडूतील नामक्कल जिल्ह्यात सितमपुंडी आणि कुन्नमलै या गावांच्या परिसरात सापडतो. तो आणून, दळून, चाळून चांद्रमातीसारखी माती तयार करण्यात आली आणि तिच्यावर चाके फिरवून पाहण्यात आली. कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरे येथे जमिनीत मुद्दाम खड्डे खोदून चंद्राचा देखावा उभारला, आणि त्याच्यावरून विमान नेऊन लँडरची उपकरणे तो कसा पाहतात हे तपासले. चांद्रयान-३ च्या वेळी उपकरणे हेलिकॉप्टरला बांधून उडविली, इंजिनांसह प्रतिकृती उंच क्रेनला टांगून उतरविली, आणि पायांची आदळआपट निरनिराळ्या पृष्ठभागांवर करून पाहिली. या चाचण्यांची वर्णने ग्रंथात विस्ताराने आली आहेत, आणि वाचकाने ती कंटाळवाणी समजून ओलांडू नयेत. कारण मोहिमेचे नशीब बदलण्याची अखेरची संधी तेथेच असते.

रोव्हरचे नियोजन हे निराळे शास्त्र आहे. चांद्रयान-३ चे प्रज्ञान अवघे २६ किलोग्रॅमचे, सहा चाकांचे, सेकंदाला एक सेंटिमीटर या गतीने चालणारे. ते पृथ्वीशी थेट बोलत नसे, त्याचा निरोप लँडरमार्फत येई. त्याच्या दोन कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रांवरून समोरच्या जमिनीचा चढउताराचा नकाशा तयार करावयाचा, त्यावरून पुढच्या सुमारे पाच मीटरांची वाट आखावयाची, हुकूम पाठवावयाचा, आणि मग पुन्हा चित्रे मागवावयाची, असा क्रम. २७ ऑगस्ट रोजी प्रज्ञानसमोर तीन मीटरांवर चार मीटर व्यासाचा खड्डा आला. त्यास मागे फिरण्याची आज्ञा झाली आणि ते नव्या वाटेने निघाले. ही घटना लहान आहे, पण लँडर आणि रोव्हर यांच्या नियोजनातील भेद तीत स्पष्ट दिसतो. लँडरला थांबता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी सर्व निर्णय आधी घ्यावे लागतात. रोव्हरला थांबता येते, म्हणून त्याच्या बाबतीत थांबण्याची शहाणी ठिकाणे आधी ठरवावी लागतात. या मंद चालीत प्रज्ञानने शंभर मीटरांहून अधिक अंतर तोडले आणि दक्षिण ध्रुवाकडील त्या मातीत गंधक असल्याची प्रत्यक्ष खूण मिळविली. लँडरच्या उष्णतामापक सळीने जमिनीत शिरून दाखविले की, वर सुमारे ५० अंश सेल्सिअस तापलेल्या मातीखाली केवळ ८ सेंटिमीटरांवर तापमान शून्याखाली १० अंशांच्या आसपास उतरते.

आणि मग रात्र. चंद्राची रात्रही चौदा दिवसांची, आणि त्या भागात तापमान शून्याखाली दोनशे अंशांच्या आसपास जाऊ शकते. लुनोखोदपाशी रात्र काढण्यासाठी किरणोत्सारी पदार्थाची शेगडी होती; विक्रम आणि प्रज्ञान यांना ती दिलेली नव्हती. हा हलगर्जीपणा नव्हे, तर विचारपूर्वक केलेला त्याग होता: एका चांद्रदिवसाचे काम निश्चित पदरात पाडून घ्यावे, दुसऱ्याची आशा ठेवावी, पण तिच्यासाठी पहिल्याला धोक्यात घालू नये. त्याप्रमाणे प्रज्ञानला २ सप्टेंबरला आणि विक्रमला ४ सप्टेंबरला निद्रिस्त करण्यात आले, आणि पुढल्या सूर्योदयानंतर हाका मारूनही त्यांनी उत्तर दिले नाही. मात्र झोपविण्यापूर्वी, ३ सप्टेंबरला, शिल्लक इंधनावर विक्रमला सुमारे ४० सेंटिमीटर वर उचलून थोड्या अंतरावर पुन्हा उतरविण्यात आले. आणि उरलेल्या इंधनाच्याच बळावर प्रणोदन-विभाग पुढे पृथ्वीच्या कक्षेत परत आणला गेला. संकटासाठी राखलेली पुंजी संकट न आल्यामुळे शिल्लक राहिली, आणि तिच्यातून पुढील मोहिमांना लागणारे दोन प्रयोग पदरात पडले. सावध नियोजन कल्पकतेला मारक असते, असा आक्षेप घेणाऱ्यांनी हा ताळेबंद अवश्य पाहावा.

तथापि या प्रतिपादनाला एक मर्यादा आहे आणि ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रत्येक संभाव्य अपघाताची तरतूद करू म्हणणारे यान इतके जड होईल की ते जमिनीवरून उठणारच नाही. शिवाय जे सुचलेच नाही त्याची तरतूद कोण करणार? हाकुतो-आर उतरताना एका विवराच्या उंच कड्यावरून गेले, जमिनीचे अंतर एकाएकी वाढलेले पाहून त्याच्या संगणकाने उंचीमापकालाच खोटे ठरविले, आणि आपण जमिनीशी पोहोचलो असे मानून ते सुमारे पाच किलोमीटर उंचीवर इंधन संपेपर्यंत तरंगत राहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये उतरलेल्या अमेरिकन ओडिसियसचे लेसर उंचीमापक, त्याची सुरक्षा-कळ उड्डाणापूर्वी काढावयाची राहून गेल्याने, निरुपयोगी ठरले; यान उतरले, पण कलंडले. जानेवारी २०२४ मध्ये जपानच्या स्लिमचे एक इंजिन शेवटच्या ५० मीटरांत निकामी झाले, तरी ते ठरल्या जागेपासून सुमारे ५५ मीटरांवर पोहोचले आणि उलटे पडूनही काम करीत राहिले. एका ठिकाणी शंका घेण्याचे कलमच घातक ठरले, दुसऱ्या ठिकाणी माणसाचा एक विसर, आणि तिसऱ्या ठिकाणी अर्धे बळ गेल्यावरही कार्यभाग साधला. यावरून एवढेच निष्पन्न होते की, कोणत्या अपयशासाठी वजन खर्चावे आणि कोणते दैवावर सोडावे, हा विवेक कोणत्याही सूत्रात बसविता येत नाही. तो अनुभवी माणसांच्या वादविवादातूनच येतो, आणि म्हणून ज्या संस्थेत कनिष्ठाला वरिष्ठाचा हिशेब चूक आहे असे निर्भयपणे सांगता येते, तिचे यान उतरण्याची शक्यता अधिक.

या कामाचा पसारा केवळ बेंगळुरू, अहमदाबाद आणि तिरुवनंतपुरमपुरता नाही. ज्या अग्निबाणाने चांद्रयान-३ नेले, त्याच्या घडणीत इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्याचा आणि विक्रोळीच्या गोदरेजचाही वाटा आहे. तेथील कामगाराने जोडलेला सांधा हाही त्या मुखत्यारपत्रातील एक कलमच होय. पुढील मोहिमांची व्याप्ती तर अधिकच मोठी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चांद्रयान-४ ला चंद्रावरील माती घेऊन परत यावयाचे आहे, म्हणजे उतरण्याच्या जोडीला उड्डाण, अंतराळातील जोडणी आणि पृथ्वीवरील पुनरागमन, इतक्या साऱ्या प्रसंगांची आगाऊ तजवीज करावी लागेल. आणि जपानच्या सहकार्याने योजलेल्या चांद्रयान-५ मध्ये प्रज्ञानपेक्षा कितीतरी जड रोव्हर नेण्याचा मानस आहे.

त्या मोहिमा यथाकाल निघतील, कदाचित लांबतील, कदाचित एखादी फसेलही. वाचकाने तेव्हा जल्लोष किंवा शोक करण्याआधी नियोजनकर्त्याला तीन प्रश्न विचारावेत: काय बिघडेल असे तुम्ही गृहीत धरले होते, त्यासाठी किती वजन राखून ठेवले होते, आणि जे घडले त्याची नोंद पुढील मोहिमेच्या हाती कोणत्या रूपात दिली. हे प्रश्न विचारणारा जागरूक वाचकवर्ग मराठीत तयार झाला, तर अंतराळविज्ञानाविषयीची आपली चर्चा अभिनंदनाच्या तारांपलीकडे जाईल. आणि सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या या उद्योगावर नागरिकाने ठेवावयाची जी डोळस देखरेख, तिचा आरंभ येथून होऊ शकेल.